तबकडी फिरते; आवाज कोठे अडतो?

महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या स्थिरावलेल्या आपल्या घरांत मराठीचा ठेवा पुस्तकांइतकाच ध्वनिमुद्रणांतही जपला गेला आहे. नाट्यगीते, अभंग, भावगीते यांच्या सीडी अजूनही कित्येकांच्या कपाटात आहेत. त्या वाजविणारी यंत्रे मात्र एकेक करून घराबाहेर गेली, आणि नव्या संगणकांत तबकडी घालण्याची सोयच बहुधा नसते. अशा वेळी माळ्यावर ठेवलेला, लिनक्ससारख्या युनिक्सवंशीय प्रणालीवर चालणारा जुना संगणक मोठ्या कामाचा ठरतो. परंतु तबकडी आत सरकविली आणि गाणे सुरू झाले, इतके ते सरळ नाही. त्याचे कारण वाचकांनी समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी मिळून सिद्ध केलेली ही १२ सेंटिमीटर व्यासाची तबकडी १९८२ साली जपानच्या बाजारात प्रथम आली. तीवर ध्वनीची मोजमापे आकड्यांच्या रूपात कोरलेली असतात. डाव्या आणि उजव्या बाजूची प्रत्येकी सेकंदाला ४४,१००. आतून बाहेर उलगडत जाणारी ही एकच अखंड सर्पिल रेषा असते. आरंभी एक छोटी अनुक्रमणिका असते. तीत गीते किती आणि प्रत्येक कोठे सुरू होते, एवढेच नोंदलेले असते.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सची रीत निराळी. तेथे सारा कारभार फाइलींचा. माहितीची तबकडी वापरण्याआधी ती फाइलींच्या वृक्षाला जोडून घ्यावी लागते. या क्रियेस 'माउंट' म्हणतात. गाण्यांच्या तबकडीवर फाइल मुळी नसतेच, म्हणून माउंटची आज्ञा नाकारली जाते. ते पाहून पुष्कळजण तबकडी खराब झाली असे समजतात. तबकडी निर्दोष असते; तिला विचारण्याची पद्धत चुकलेली असते.

मग जुन्या युनिक्स संगणकांवर गाणी वाजत कशी? शाळेत मुख्याध्यापक 'घंटा द्या' म्हणतात आणि घंटा शिपाई देतो, तसाच हा प्रकार. संगणक केवळ 'तिसरे गीत लाव' अशी आज्ञा देई. आकड्यांचा पुन्हा आवाज करण्याचे काम ड्राइव्ह स्वतःच करी, आणि तो आवाज एका बारीक तारेने साउंड कार्डापर्यंत पोहोचे. सन कंपनीच्या संगणकांवरील 'वर्कमन' किंवा टी कान यांचा 'एक्सएमसीडी' हे कार्यक्रम असेच चालत. गंमत अशी, की कार्यक्रम बंद केला तरी गाणे चालूच राही, कारण वाजविणारा निराळाच होता.

दोष शोधण्याची वाटही यातच सापडते. तबकडी फिरते, सेकंद पुढे सरकतात, पण आवाज नाही, अशा वेळी ड्राइव्हच्या दर्शनी बाजूस हेडफोनची खाच असल्यास तेथे ऐकून पाहावे. तेथे गाणे ऐकू आले, तर ड्राइव्ह ठीक आहे. मग आतील तार जोडलेली आहे काय आणि मिक्सरमध्ये 'सीडी'ची पट्टी शून्यावर तर नाही ना, हे पाहावे. कार्यक्रम तबकडीपर्यंतच पोहोचत नसेल, तर त्या वापरकर्त्यास ड्राइव्ह वापरण्याची परवानगी दिलेली नसण्याचा संभव असतो. पुढे निघालेल्या साटा जातीच्या ड्राइव्हना ही तार जोडण्याची जागाच बहुधा नसते. तेथे जुने कार्यक्रम मुकेच राहतात.

त्यावर उपाय म्हणजे आकडेच वाचून घेणे. लिनक्सवरील 'सीडीपॅरानोइया' हा कार्यक्रम हे काम चोख करतो. गाण्याच्या तबकडीवर प्रत्येक तुकड्याचा पत्ता माहितीच्या तबकडीइतका काटेकोर नसतो. म्हणून हा कार्यक्रम तोच भाग थोडा मागेपुढे करून पुन्हा वाचतो, जुळवून पाहतो आणि मगच लिहितो. ओरखडे असल्यास वेळ लागतो, धीर धरावा. एका मिनिटाच्या संगीतास सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. 'फ्लॅक' पद्धतीने साठविल्यास आवाजात काहीही न गमावता ती बरीच कमी होते.

राहता राहिली नावे. बहुतेक तबकड्यांवर गीतांची नावे नोंदलेलीच नसतात. गीतांच्या आरंभस्थानांवरून तबकडी ओळखून नावे पुरविणारी 'सीडीडीबी' ही सूची 'एक्सएमसीडी'तूनच वाढली. पुढे तिच्यावरून निघालेली 'फ्रीडीबी' ही मुक्त सूची २०२० साली बंद झाली, त्यामुळे तिच्यावर विसंबलेले जुने कार्यक्रम आता नावे आणू शकत नाहीत. तेव्हा वेष्टनावरील गीत, गायक, कवी, संगीतकार यांची नावे आपणच देवनागरीत टंकून ठेवावीत. घरातील मुलांकडून हे काम करून घेतल्यास दुहेरी लाभ होईल.

एक विनंती मात्र तातडीची आहे. आरंभ बाजारच्या तबकड्यांनी करू नये; घरी भरलेल्यांनी करावा. घरी भरलेल्या तबकडीवरील नोंद सेंद्रिय रंगाच्या थरात असते, आणि ऊन व उष्णता यांनी तो थर बिघडतो. बाजारातील गाण्याची दुसरी प्रत कोठेतरी मिळेल. आजीने म्हटलेल्या ओव्या किंवा मुंजीच्या दिवशीची मंगलाष्टके यांची दुसरी प्रत जगात कोठेही नसते. माळ्यावरचा संगणक अजून सुरू होत आहे तोवर, येत्या सुटीतच हे कार्य हाती घ्यावे.