अक्षरं मोजून ठरवलेलं मोठेपण

२०२४ साली ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ या इंग्रजी लेखन-नियमावलीची अठरावी आवृत्ती निघाली आणि तिने इंग्रजी शीर्षकांचा आपला एक जुना नियम सोडला. शीर्षकातलं प्रेपोझिशन कितीही लांब असलं तरी स्मॉल अक्षराने सुरू करायचं, असा तो नियम. आता पाच किंवा अधिक अक्षरं असली की त्याला कॅपिटल मिळतं. शेक्सपिअरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मधला ‘अबाउट’ आधीच्या आवृत्तीत स्मॉल होता, नव्या आवृत्तीत तो मोठा झाला. मला हे लागलं. मराठी शाळेत इंग्रजी शिकवताना मी आयुष्यभर ज्या सवयीशी भांडले ती हीच, अक्षरं मोजून शब्दाचं मोठेपण ठरवण्याची.

इंग्रजी पाचवीपासून होतं त्या वर्षांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. चार रेघी वही, वळणदार अक्षर, घरी तर्खडकरांची पाठमाला. धड्याचं नाव फळ्यावर सगळंच कॅपिटलमध्ये लिहायचं, त्यामुळे प्रश्नच उठत नसे.

जून २०००पासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं. त्यावर वाद खूप झाले. पण त्यापुढची दहा वर्षं मी वर्गात होते आणि ती मला शिक्षकी पेशातली सर्वांत जिवंत वर्षं वाटतात. ही मुलं सहावीत आली तेव्हा त्यांना अक्षरांची भीती उरली नव्हती. ग्रंथालयाच्या तासाला ती वाचलेल्या पुस्तकांची नावं वहीत उतरवायची, आणि तिथेच गोंधळ व्हायचा. मुलांच्या हातातलं गाईड सांगायचं, ‘छोटे शब्द स्मॉलमध्ये लिहा.’ एका प्रशिक्षणात तज्ज्ञांनीही तेच सांगितलं. मी शंका विचारली, तर ‘बाई, मुलांना सोपं करून द्या’ असं उत्तर मिळालं. चुकीचं सांगणं सोपं कसं होतं, हे मला आजही कळलेलं नाही.

मी फळ्यावर गांधीजींच्या आत्मकथेचं इंग्रजी नाव लिहायची: ‘द स्टोरी ऑफ माय एक्सपेरिमेंट्स विथ ट्रुथ’. यात ‘माय’ दोनच अक्षरांचा, तरी कॅपिटल. ‘विथ’ चार अक्षरांचा, तरी स्मॉल. ‘ऑफ’ स्मॉल, आणि ‘द’ एरवी स्मॉल असला तरी इथे पहिला म्हणून कॅपिटल. गाईडचा नियम या एका नावापुढे टिकत नसे. मग मुलं प्रत्येक शब्दाला विचारायची, तू काम काय करतोस? नाम, सर्वनाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण असलास तर कॅपिटल. आर्टिकल, शब्दयोगी (म्हणजे प्रेपोझिशन) किंवा आणि-किंवासारखं उभयान्वयी असलास तर स्मॉल. पहिला आणि शेवटचा मात्र नेहमी कॅपिटल. ‘इज’ दोन अक्षरांचा असून मोठा का, याचं उत्तर सातवीतली मुलगी मराठीच्या तासाला शिकलेल्या क्रियापदावरून द्यायची. मराठीचं व्याकरण असं इंग्रजीच्या उपयोगी पडताना मी पाहिलं आहे.

व्याकरणाचा हा आधार हळूहळू गेला. सेमी-इंग्रजीच्या धावपळीत मराठीच्या तासातलं व्याकरण आक्रसलं. शब्दांच्या जाती कच्च्या राहिल्या, तर कॅपिटलचा नियम उभा कशावर राहणार? आता दहावीच्या वहीत बातमीचा मथळा पाहावा, तर प्रत्येक शब्द कॅपिटल, ‘ऑफ’सुद्धा. फोनवर टाइप केलेलं असेल तर पहिला शब्द सोडून सगळं स्मॉल.

शिकागोच्या संपादकांना त्यांची कारणं असतील. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था आणि अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन (एपीए) आपल्या नियमावल्यांत आधीपासूनच चार अक्षरांवर भेद करतात. छापखान्याला अशी मोजणी सोयीची असते. शिकणाऱ्या मुलाला तिच्यातून भाषेबद्दल काहीच कळत नाही. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या (एमएलए) नियमावलीत मात्र प्रेपोझिशन, लांब असो वा आखूड, मध्ये आलं तर अजूनही स्मॉलच आहे. सहावी-सातवीला इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे की वर्गात तोच नियम धरा, आणि त्याआधी मराठीच्या बाईंना विचारून घ्या, शब्दांच्या जाती झाल्या आहेत का.