पोलादातून निसटणारा हायड्रोजन

जाड पोलादी भिंतीला एकही छिद्र नसलं, तरी हायड्रोजन तिच्यातून पलीकडे जातो. 1863 मध्ये सेंट-क्लेअर डेव्हिल आणि त्रूस्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी तापलेल्या लोखंडातून तो आरपार जातो हे दाखवलं.

धातूच्या पृष्ठभागावर हायड्रोजनच्या रेणूचे दोन अणू सुटे होतात. हे चिमुकले अणू धातूच्या अणूंमधल्या फटींतून, गर्दीत वाट काढणाऱ्या पोरांसारखे, पुढे सरकतात आणि पलीकडे पुन्हा जोडी जमवतात. तापमान वाढलं की वेगही वाढतो.

ही गळती रोखण्याचा उपाय म्हणजे लेप. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारख्या सिरॅमिकमध्ये हायड्रोजन फारच कमी विरघळतो आणि अतिशय सावकाश सरकतो. त्यामुळे काही मायक्रॉनचा थरही प्रयोगशाळेत गळती हजार पटींनी कमी करू शकतो. खरी अडचण चिकटून राहण्याची. तापल्यावर स्टेनलेस स्टील या थराच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, थराला तडे जातात आणि हायड्रोजनला वाट मिळते.

अमेरिकेतल्या टेनेसीमधील वॉट्स बार अणुभट्टीत 2003 पासून ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचंच किरणोत्सारी रूप, तयार केलं जातं. त्यासाठीच्या कांड्यांच्या स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांना आतून अ‍ॅल्युमिनियमयुक्त लेप असतो. तरीही शीतक पाण्यात अपेक्षेपेक्षा जास्त ट्रिटियम उतरलं. प्रयोगशाळेतला आकडा भट्टीतल्या किरणोत्सारात टिकेलच असं नाही, हे इथे ठळकपणे दिसलं. संलयन भट्ट्यांसाठी हाच प्रश्न कळीचा आहे, कारण त्यांना इंधन म्हणून ट्रिटियम स्वतःच बनवून सांभाळावं लागेल. त्यासाठी एर्बियम ऑक्साइडच्या लेपांचीही चाचणी होत आली आहे.