पाहुणा खेळ घरचा कधी होतो?

मागच्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल सेमाडोहला गेली होती. परतवाडा मागे पडले आणि आमची बस मेळघाटच्या डोंगरांत शिरली. एकामागून एक वळणे येऊ लागली. चालक प्रत्येक वळणाआधी वेग कमी करत होते. एका मुलाने मला विचारले, "सर, फॉर्म्युला वनच्या मोटारी वळणावरही केवढ्या वेगाने जातात! त्या उलटत कशा नाहीत?"

संध्याकाळी आम्ही सिपना नदीजवळ बसलो होतो. तेव्हा त्याच मुलाने दुसरा प्रश्न काढला. "सर, माझे मामू सांगतात की ही शर्यत साऱ्या जगात पाहतात; पण अमेरिकेतल्या लोकांना ती कितीतरी वर्षे आवडली नाही. अमेरिका तर मोटारींचा देश! मग असे का?"

विद्यार्थी मित्रांनो, पहिला प्रश्न विज्ञानाचा आहे आणि दुसरा माणसांच्या मनाचा. आधी पहिल्याचे उत्तर पाहू.

फॉर्म्युला म्हणजे सूत्र, नियम. सर्व संघांनी एकाच नियमावलीप्रमाणे मोटारी बांधायच्या, म्हणून या शर्यतीला फॉर्म्युला वन असे नाव पडले. तिची जागतिक स्पर्धा १९५० साली इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे सुरू झाली. या मोटारीत एकच माणूस बसतो. तिची चारही चाके अंगाबाहेर, उघडी असतात. चालकासह तिचे वजन सुमारे ८०० किलो, म्हणजे एखाद्या लहान घरगुती मोटारीएवढेच असते. पण सरळ रस्त्यावर ती ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेग घेते. तिच्या पुढे आणि मागे पंख असतात. विमानाचे पंख हवेच्या जोरावर विमानाला वर उचलतात. या मोटारीचे पंख नेमके उलटे काम करतात. हवा त्यांना खाली दाबते आणि मोटार रस्त्याला घट्ट धरून राहते. म्हणून ती वळणावर सहसा उलटत नाही.

आता दुसरा प्रश्न. अमेरिकेला मोटारशर्यतीची हौस नव्हती, असे मुळीच नाही. उलट तिच्या घरात आधीपासूनच स्वतःच्या शर्यती होत्या. इंडियानापोलिस या शहरात १९११ पासून ५०० मैलांची प्रसिद्ध शर्यत होते. तिथल्या मैदानात दोन लाखांहून अधिक माणसे बसू शकतात. १९४८ मध्ये नॅसकार ही संस्था निघाली. तिच्या शर्यतींतील मोटारी दिसायला रस्त्यावरच्या मोटारींसारख्या असतात. आपल्याकडे आहे तशीच गाडी आपल्याच भागातला चालक पळवतो, हे पाहून लोकांना आनंद होई. बाप मुलाला घेऊन जाई आणि पुढे तो मुलगा आपल्या मुलाला नेई.

अशा घरी फॉर्म्युला वन पाहुणी म्हणून आली. न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन येथे १९६१ ते १९८० अशी वीस वर्षे ती टिकली. अमेरिकेचे दोन चालक जगज्जेतेही झाले. १९६१ मध्ये फिल हिल आणि १९७८ मध्ये मारिओ अँड्रेटी. परंतु पुढे या शर्यतीला एक ठिकाण राहिले नाही. कधी डेट्रॉइटचे रस्ते, कधी डॅलस, कधी फिनिक्स. १९८१ आणि १९८२ मध्ये तर लास वेगास येथे एका मोठ्या हॉटेलच्या वाहनतळावर मार्ग आखून शर्यत घेतली गेली. जो पाहुणा दरवर्षी निराळ्या दारी उतरतो, त्याची कोणाशी ओळख होणार? १९९१ नंतर ही शर्यत अमेरिकेतून गेली, ती थेट २००० साली इंडियानापोलिसला परत आली.

तिथे १९ जून २००५ रोजी एक विचित्र घटना घडली. मैदान प्रेक्षकांनी भरले होते. वीस मोटारी येणार होत्या. त्यांतील चौदा मोटारींना फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीचे टायर होते. सरावाच्या वेळी असे आढळले की एका वेगवान वळणावर हे टायर टिकाव धरत नाहीत. चालकांच्या जिवाला धोका होता. काय करावे यावर संघ आणि अधिकारी यांचे एकमत झाले नाही. शेवटी सर्व मोटारींनी एक संथ फेरी मारली आणि चौदा मोटारी शर्यत सोडून आत निघून गेल्या. राहिल्या फक्त सहा! लांबून आलेले, पदरचे पैसे मोजलेले लोक चिडले. काहींनी मार्गावर बाटल्या फेकल्या. टायर कंपनीने पुढे तिकिटांचे पैसे परत केले. पण उडालेला विश्वास पैशांनी भरून येत नाही. २००७ नंतर शर्यत इंडियानापोलिसहून पुन्हा गेली.

त्या सहा मोटारींपैकी एक कोणाची होती, ठाऊक आहे? आपल्या नारायण कार्तिकेयनची! तमिळनाडूचा हा तरुण त्याच वर्षी फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला होता. त्या दिवशी तो चौथा आला आणि त्याला ५ गुण मिळाले. या स्पर्धेत भारतीय चालकाला मिळालेले हे पहिले गुण. ज्या दिवशी अमेरिकेचे प्रेक्षक निराश होऊन घरी गेले, त्याच दिवशी भारतात अनेकांनी या शर्यतीचे नाव पहिल्यांदा ऐकले.

मग भारतात काय झाले? दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट हा मार्ग बांधला गेला. त्याची लांबी पाच किलोमीटरहून थोडी जास्त. ३० ऑक्टोबर २०११ रोजी तिथे पहिली भारतीय शर्यत झाली. प्रेक्षकांनी गर्दी केली. परदेशी चालकांनी मार्गाची तारीफ केली. फोर्स इंडिया नावाचा संघही होता. असे वाटले की पाहुणा आता आपलाच झाला.

परंतु शर्यत तीनच वर्षे झाली. तिन्ही वर्षी जर्मनीचा सेबास्टियन फेटेल जिंकला. दुसऱ्या वर्षापासून गर्दी ओसरू लागली. २०१३ मध्ये तर शर्यतीत एकही भारतीय चालक नव्हता. इकडे उत्तर प्रदेश सरकारने या शर्यतीला खेळ न मानता मनोरंजन मानले आणि मनोरंजन कराचा वाद उभा राहिला. बाहेरून येणाऱ्या सामानाचा जकातीचा प्रश्नही होताच. हिशेब जुळेना. २०१४ मध्ये शर्यत झाली नाही आणि त्यानंतर ती भारतात परतली नाही. खरे सांगायचे तर खेड्यापाड्यांत तिची आठवणही कोणी काढली नाही.

आता याच्या शेजारी आपल्या वऱ्हाडातील शंकरपट ठेवून पाहा. हलकी गाडी, बैलजोडी, धुरकरी आणि सेकंदांत मोजली जाणारी वेळ. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट दूरवर प्रसिद्ध आहे. प्राण्यांना होणाऱ्या त्रासामुळे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्रात ती सात वर्षे राहिली. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली आणि पट पुन्हा भरू लागले. लोक विसरले होते का? नाही. सात वर्षांनंतरही कोणत्या गावाची जोडी, कोणाचा धुरकरी, हे लोकांना तोंडपाठ होते. तीन वर्षांत आलेला खेळ गेला, तर कोणाला चुकल्यासारखे वाटले नाही. पण घरचा खेळ सात वर्षांनी आला, तरी त्याची जागा रिकामीच ठेवलेली होती.

तुम्ही म्हणाल, मग पाहुणा खेळ कधीच घरचा होत नाही का? होतो. क्रिकेट हा इंग्रजांचा खेळ. तो आपला कसा झाला? १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडू यांनी इंग्लंडहून आलेल्या संघाविरुद्ध १५३ धावा काढल्या. त्यांत ११ षटकार होते. १९३२ मध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर भारत पहिला कसोटी सामना खेळला. नायडू कर्णधार होते आणि मोहम्मद निसार या वेगवान गोलंदाजाने पहिल्या डावात पाच बळी घेतले. लोकांना आपली माणसे दिसली. शिवाय गल्लीतल्या पोराला एक फळी आणि एक चेंडू मिळाला की तोही हाच खेळ खेळू शकत होता.

यावरून तीन गोष्टी ध्यानात येतात. खेळात आपले माणूस हवे. खेळाने नेमाने येत राहायला हवे. आणि खेळवणाऱ्यांनी प्रेक्षकांशी इमान राखायला हवे.

आता पुन्हा अमेरिकेकडे जाऊ. २०१२ मध्ये टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे खास फॉर्म्युला वनसाठी मार्ग बांधला गेला. तेव्हापासून शर्यतीला तिथे एक घर मिळाले. २०१७ मध्ये लिबर्टी मीडिया या अमेरिकन कंपनीने या स्पर्धेचा कारभार हाती घेतला. २०१९ पासून नेटफ्लिक्सवर चालकांच्या जीवनावर एक मालिका सुरू झाली. तिच्यात शिरस्त्राणामागचा माणूस दिसला. कोणाचे संघाशी भांडण होते, कोणाची नोकरी जाणार असते, कोण हरल्यावर रडतो. ज्यांना नियमही ठाऊक नव्हते, ते लोक चालकांची नावे घेऊ लागले. २०१८ मध्ये अमेरिकेत एका शर्यतीला सरासरी साडेपाच लाख दूरदर्शन-प्रेक्षक होते. २०२२ मध्ये ते बारा लाखांवर गेले. त्या वर्षी मायामी येथे आणि २०२३ मध्ये लास वेगास येथे शर्यत सुरू झाली. एकाच देशात वर्षाला तीन शर्यती!

तरीही बाजी पूर्ण जिंकली असे म्हणता येत नाही. २०२३ मध्ये २२ पैकी १९ शर्यती नेदरलँड्सचा मॅक्स व्हर्स्टॅपन याने जिंकल्या आणि अमेरिकेतील प्रेक्षक थोडे घटले. त्याच वर्षी लास वेगासच्या पहिल्या सरावात रस्त्यावरचे एक लोखंडी झाकण उखडले आणि एका मोटारीचे मोठे नुकसान झाले. सराव थांबला. दुसरा सराव मध्यरात्रीनंतर झाला. पण त्याआधीच प्रेक्षकांना मैदानाबाहेर काढण्यात आले होते. २००५ ची आठवण अनेकांना झाली असेल. आणि आपले माणूस? लोगन सार्जंट या अमेरिकन चालकाने २०२३ मध्ये ऑस्टिनला एक गुण मिळवला. पण २०२४ मध्ये त्याची जागा गेली. १९७८ नंतर एकाही अमेरिकन चालकाने ही शर्यत जिंकलेली नाही. म्हणून मला वाटते, पाहुणा आता अमेरिकेच्या ओसरीवर बसला आहे. माजघरात जायला त्याला अजून वेळ आहे. रोषणाईने माणसे एकदा येतात. दरवर्षी येतात ती आपुलकीने.

आपल्याकडेही काही तरुणांनी दार उघडे ठेवले आहे. मुंबईचा जेहान दारूवाला डिसेंबर २०२० मध्ये बहरीन येथे फॉर्म्युला टू या खालच्या पायरीवरील शर्यत जिंकला. तसे करणारा तो पहिला भारतीय. हा खेळ फार महागडा आहे, हे खरे. लहानपणापासून सराव करायला लाखो रुपये लागतात. परंतु मोटार चालवणे हाच एक मार्ग नाही. आय. आय. टी. मुंबईचे विद्यार्थी स्वतः उघड्या चाकांची, विजेवर चालणारी मोटार बनवतात आणि सिल्व्हरस्टोनच्या विद्यार्थी स्पर्धेत नेतात. तिथे पोहोचायला पैशापेक्षा गणित आणि विज्ञान अधिक उपयोगी पडते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सेमाडोहहून परत निघालो. एका वळणापलीकडे रानगव्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. चालकांनी आधीच वेग कमी केला होता, म्हणून बस सहज थांबली. प्रश्न विचारणारा तो मुलगा खिडकीतून पाहतच राहिला. मी त्याला म्हणालो, "वेगाची जागा मैदानात. रस्त्यावर शहाणा चालक तोच, ज्याला थांबता येते."

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फॉर्म्युला वनची जागतिक स्पर्धा कोठे व केव्हा सुरू झाली?
(आ) नारायण कार्तिकेयन यांना २००५ मध्ये किती गुण मिळाले?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) या मोटारीचे पंख विमानाच्या पंखांपेक्षा वेगळे काम कसे करतात?
(आ) इंडियानापोलिसचे प्रेक्षक का चिडले?
(इ) शंकरपट सात वर्षे बंद राहूनही लोक त्याला का विसरले नाहीत?

प्र. ३. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. दोन्ही भाषांतील त्यांचे उच्चार व अर्थ सांगा आणि मराठीत वाक्ये करा.
मैदान, बाजी, तारीफ, हिशेब, इमान

प्र. ४. तुमच्या गावातील एखादा खेळ बाहेरून आलेला आहे का? तो गावात कसा रुजला, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.