घड्याळ चुकलं, घोडा नाही : सेक्रेटेरियटची गोष्ट

ज्यांना हा भाग ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. माझं अडखळणं तेवढं काढलंय, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा हीरो एक घोडा आहे. सेक्रेटेरियट. थरोब्रेड जातीचा, तांबूस रंगाचा, ३० मार्च १९७० रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनियात जन्मलेला. मालकीण पेनी चेनरी, ट्रेनर ल्युसिएन लॉरिन, जॉकी रॉन टरकॉट. एकूण २१ शर्यती धावला, १६ जिंकला.

अमेरिकेत तीन वर्षांच्या घोड्यांसाठी तीन मोठ्या शर्यती असतात : केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट. तिन्ही जिंकल्या की ट्रिपल क्राउन. १९४८ नंतर २५ वर्षं ते कुणालाच जमलं नव्हतं. १९७३ मध्ये यानं ते केलं.

डर्बी सव्वा मैलाची. म्हणजे पाव मैलाचे पाच टप्पे. घोडा जसा थकतो तसा टप्प्याचा वेळ वाढत जातो, हे साधं गणित. याचा प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा जलद होता! वेळ १ मिनिट ५९.४ सेकंद. दोन मिनिटांच्या आत ही शर्यत पूर्ण करणारा हा पहिलाच घोडा. बेलमाँट तर त्यानं ३१ लांबींनी जिंकली. एक लांबी म्हणजे एका घोड्याची लांबी, आता करा कल्पना. दोन्ही विक्रम आजही त्याच्याच नावावर आहेत.

पण मला खरा इंटरेस्ट आहे मधल्या शर्यतीत, कारण तिथे चक्क एक बग होता.

१९ मे १९७३, बाल्टिमोरचं पिमलिको रेसकोर्स. सेक्रेटेरियट सुरुवातीला सगळ्यात मागे. पहिल्याच वळणावर त्यानं बाहेरून जाऊन एकेकाला मागे टाकलं आणि शेवटपर्यंत पुढेच राहिला. इलेक्ट्रिक घड्याळानं दाखवलं १:५५. तेव्हाचा विक्रम होता १:५४, म्हणजे विक्रम हुकला.

मात्र 'डेली रेसिंग फॉर्म' या वर्तमानपत्राचे दोन टायमर हातात स्टॉपवॉच घेऊन बसले होते. दोघांनी वेगवेगळी मोजलेली वेळ एकच आली : १:५३.४. घड्याळ बिघडलं होतं हे रेसकोर्सनंही मानलं, पण अधिकृत वेळ म्हणून स्वतःच्या माणसानं मोजलेली १:५४.४ धरली. विक्रम तरीही हुकलेलाच!

आमच्या कामात लॉग म्हणजे ब्रह्मवाक्य. सिस्टीमनं लिहिलं ते खरं, युजर सांगतो तो त्याचा गैरसमज. पण लॉग लिहिणारंच बिघडलं असेल तर? मग दुसरा स्वतंत्र पुरावा शोधावा लागतो. इथे तो होता शर्यतीचं चित्रीकरण. अमेरिकन टीव्हीच्या व्हिडिओत सेकंदाला साधारण ३० फ्रेम असतात. वेळ जिथून मोजतात त्या खांबापासून विनिंग पोस्टपर्यंतच्या फ्रेम मोजा, भागाकार करा, झालं. यात कुणाच्या अंगठ्याच्या वेगाचा प्रश्नच येत नाही.

तरी निकाल बदलायला ३९ वर्षं लागली. पेनीबाईंनी पुन्हा दाद मागितली आणि जून २०१२ मध्ये मेरीलँडच्या रेसिंग कमिशननं व्हिडिओची तपासणी करून वेळ दुरुस्त केली : १:५३. तिन्ही शर्यतींचे विक्रम एकाच घोड्याच्या नावावर लागले.

तोपर्यंत घोडा जाऊन जवळपास २३ वर्षं झाली होती. खुरांच्या दुखण्यामुळे १९८९ मध्ये त्याला शांतपणे मरण द्यावं लागलं. पेनीबाई नव्वदीच्या होत्या. घोड्याला ना १:५५ माहीत होतं, ना १:५३. पण ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि ज्यांना 'तुमचं मोजणं चुकलं' असं ऐकावं लागलं होतं, त्यांच्यासाठी तो दीड सेकंद फार मोठा होता.

ही शर्यत यूट्यूबवर आहे. फोनवर स्टॉपवॉच लावून बघा आणि तुमची वेळ कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!