कोटीचे मोल

मराठीत कोटी म्हणजे शंभर लाख, आणि कोटी म्हणजे शब्दांवरचा विनोदही. पहिलीचे मोल आकड्याने ठरते, दुसरीचे प्रसंगाने. एका शब्दातून दोन अर्थ निघाले की श्लेष साधतो; परंतु तेवढ्याने साहित्य घडत नाही. विनोद पात्राच्या स्वभावातून उमलावा लागतो.

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील तळीराम मद्यपानाचे इतके चतुर समर्थन करतो, की प्रेक्षक हसता हसता त्याच्याकडे झुकतो. त्याच्या ‘आर्य मदिरा मंडळा’चे नावच भारदस्त सभा-संस्थांचे विडंबन आहे. मात्र याच हास्याच्या आडून सुधाकराचा संसार उद्ध्वस्त होतो, सिंधूवर दळण दळण्याची वेळ येते आणि प्रेक्षकाला स्वतःचेच हसू बोचू लागते. येथे कोटी केवळ करमणूक राहत नाही; व्यसन किती गोड बोलून घरात शिरते, हे ती दाखवते. तळीराम हे विशेषनाम मराठीत सामान्यनाम होऊन बसले, ते उगीच नव्हे.

लेखकाने म्हणून प्रत्येक कोटीला एक कसोटी लावावी : ती गाळल्यास पात्राचे काही हरवते काय? हरवत नसेल, तर ती खुशाल गाळावी.