रजेनंतर राजीनामा दिला, तर पगार परत करायचा?

बीड, अंबाजोगाई किंवा परळीच्या खासगी रुग्णालयातल्या परिचारिकेला बाळंतपणानंतर नोकरी सोडावीशी वाटली, तर पहिली भीती असते ती रजेतल्या पगाराच्या वसुलीची. 1961च्या मातृत्व लाभ कायद्यात अशी वसुली कुठेही नव्हती; नोव्हेंबर 2025मध्ये त्याची जागा घेतलेल्या 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती नाही. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झाले असेल, तर पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. तो तिचा हक्क आहे, उचल नव्हे. लाभ गमावण्याचा धोका रजेच्या काळात दुसरीकडे काम केल्यास असतो. नेमणूकपत्रात ‘रजेनंतर सोडल्यास पगार परत’ असे कलम असले, तरी करारापेक्षा कायदा वरचढ ठरतो.

राजीनाम्याची नोटीस मात्र द्यावीच लागते. तो हिशेब वेगळा. सरकारी सेवेला रजा नियम लागू होतात, तिथे बंधपत्र दिले असल्यास त्यातल्या अटी आधी वाचाव्यात.

कंत्राटी महिलांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा 17 ऑगस्ट 2023चा निकाल मोलाचा आहे. दिल्लीतल्या एका कंत्राटी डॉक्टरला कराराची मुदत संपल्यावरही पूर्ण लाभ द्या, असे न्यायालयाने बजावले.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, चित्र वेगळे आहे. रजेनंतर किमान 3 महिने काम न केल्यास तिथे संस्थेने दिलेला जादा पगार परत मागितला जाऊ शकतो. कायद्याने मिळणारा किमान भत्ता मात्र तिथेही आईकडेच राहतो.