जनुकाला गप्प करणे, जनुकाला बोलते करणे : कर्करोगावरील नव्या उपचारांचा अर्थ

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की हा डॉक्टरांचा प्रांत, त्यात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं काय काम? शंका रास्त आहे. आम्ही काही उपचार सांगायला आलेलो नाही. पण घरात कुणाला कर्करोग निघाला की चार दिवसांत मोबाईलवर मजकूर यायला लागतात : 'आता जीन थेरपी निघाली आहे', 'कर्करोगाचं जनुकच बंद करून टाकतात म्हणे'. या शब्दांवर विसंबून माणसं जमिनी विकतात, कर्ज काढतात. म्हणून 'जनुक बंद करणे' म्हणजे नेमकं काय, त्यातलं आज काय साधलं आहे आणि काय साधलेलं नाही, हे शब्दाशब्दानं बघायचं आहे.

सुरुवात पेशीपासून करू. एखादं मोठं मंगल कार्यालय डोळ्यासमोर आणा. सगळ्या पदार्थांची मूळ वही व्यवस्थापकाच्या कपाटात असते, ती कधी बाहेर येत नाही. आज जे करायचं त्याची चिठ्ठी तेवढी लिहून मुदपाकखान्यात जाते आणि आचारी त्याबरहुकूम पदार्थ करतो. पेशीतही असंच आहे. वही म्हणजे डीएनए. त्यातली एकेक कृती म्हणजे जनुक. प्रथिनं तयार करणारी अशी सुमारे 20,000 जनुकं माणसात आहेत. चिठ्ठी म्हणजे संदेशवाहक आरएनए, आणि तयार पदार्थ म्हणजे प्रथिन. डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत वही एकच असते, चिठ्ठ्या मात्र वेगवेगळ्या निघतात. म्हणजे बहुतेक पेशींत बहुतेक वेळ पुष्कळशी जनुकं गप्पच असतात. गप्प असणं हा बिघाड नव्हे. ती शिस्त आहे.

ही शिस्त दोन तऱ्हांनी मोडते. पहिली तऱ्हा : ज्या जनुकानं कधीमधी बोलायचं ते सतत ओरडू लागतं. पेशीला 'वाढ, दुभंग' असं सांगणारी जनुकं आपल्याकडे असतातच. एरवी गर्भाची वाढ कशी होईल, जखम कशी भरेल? 1976 मध्ये बिशप आणि व्हार्मस यांनी दाखवून दिलं की कोंबड्यांत कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूतलं जनुक मुळात निरोगी पेशीतूनच आलेलं आहे. या कामाला 1989 चं नोबेल मिळालं. कर्करोगाचं बीज बाहेरून आलेल्या शत्रूतच असतं असं नाही. आपल्याच वहीतली ओळ बिघडू शकते, हा त्या शोधाचा अर्थ.

दुसरी तऱ्हा उलटी आहे. ज्यानं बोलायला हवं तेच जनुक गप्प होतं. लहान मुलांच्या डोळ्यातल्या एका कर्करोगाचा अभ्यास करून नुडसन यांनी 1971 मध्ये मांडलं की वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या की रोग सुरू होतो. असं सर्वांत प्रसिद्ध जनुक म्हणजे पी53. पेशीच्या डीएनएला इजा झाली की 'थांब, दुरुस्त कर, नाहीतर मर' असा हुकूम हे जनुक देतं. माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत ते बिघडलेलं सापडतं.

इथे आमच्या विषयातली एक गोष्ट उपयोगी पडते. नसणं हेसुद्धा कारण होऊ शकतं का, हा आपल्याकडचा जुना प्रश्न आहे. वैशेषिकांनी पुढच्या काळात 'अभाव' हा सातवा पदार्थ मानला आणि त्याचे प्रकार पाडले. त्यातला प्रध्वंसाभाव म्हणजे घडा फुटल्यावर होणारा घड्याचा अभाव. त्याला सुरुवात आहे, शेवट नाही. तोच घडा परत येत नाही. आता पेशीकडे बघा. लगामाचं जनुक दोन प्रकारे नाहीसं होऊ शकतं. एक, वहीतलं पानच फाटलं. हा प्रध्वंस. दुसरं, पान शाबूत आहे पण त्यावर दुसरा कागद डकवला आहे, म्हणून वाचता येत नाही. डीएनएवर मिथाइलच्या खुणा बसल्या की असं होतं. अक्षरं तीच राहतात, वाचन बंद पडतं. दोन्हींत जनुक 'नाही' असंच आपण म्हणतो, पण उपाय अगदी वेगळे. फाटलं असेल तर नवं पान आणावं लागेल. झाकलं असेल तर कागद सोडवता येईल. अझासायटिडीन नावाचं औषध या मिथाइलच्या खुणा कमी करतं, आणि अस्थिमज्जेच्या एका विकारावर त्याला अमेरिकेत 2004 मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे 'जनुक गप्प करणे' हे फक्त वैज्ञानिकाचं हत्यार नाही. कर्करोगही तेच करतो.

आता ओरडणाऱ्या जनुकाला गप्प कसं करायचं? याची गोष्ट फुलांपासून सुरू होते. 1990 च्या सुमारास पिटुनियाची जांभळी फुलं आणखी गडद व्हावीत म्हणून संशोधकांनी रंगाच्या जनुकाची जादा प्रत झाडात घातली. फुलं गडद व्हायच्या ऐवजी काही चक्क पांढरी निघाली. जादा प्रतीनं स्वतःबरोबर मूळ जनुकाचंही तोंड बंद केलं होतं. असं का होतं, याची किल्ली 1998 मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना एका बारीकशा कृमीत सापडली. जुळी साखळी असलेला आरएनए पेशीत शिरला की पेशी त्याचे एकवीस-बावीस अक्षरांचे तुकडे करते. एक तुकडा नमुन्यासारखा हाती धरून तिची यंत्रणा चिठ्ठ्या तपासत फिरते, आणि जुळणारी चिठ्ठी दिसली की ती कापून टाकते. वहीला हात लागत नाही, चिठ्ठी तेवढी फाडली जाते. आचाऱ्यापर्यंत हुकूमच जात नाही. 2001 मध्ये हे लहान तुकडे थेट माणसाच्या पेशीत घालूनही काम होतं असं दिसलं आणि 2006 मध्ये फायर-मेलो यांना नोबेल मिळालं.

मग साहजिकच सगळ्यांना वाटलं, कर्करोगाचा प्रश्न सुटला! ओरडणारं जनुक शोधा, त्याची चिठ्ठी फाडा. प्रत्यक्षात काय झालं? या तत्त्वावरचं पहिलं औषध, पॅटिसिरान, 2018 मध्ये आलं, पण ते मज्जातंतूंना इजा करणाऱ्या एका आनुवंशिक रोगावर. नंतर आलेलं इन्क्लिसिरान कोलेस्टेरॉलवर आहे. सुरुवातीचे डोस झाले की ते वर्षातून दोनदाच टोचावं लागतं. कर्करोगावर मात्र या प्रकारच्या एकाही औषधाला अजून मान्यता मिळालेली नाही.

कारण समजून घेण्यासारखं आहे. उघडा आरएनए रक्तात टिकत नाही, तिथली विकरं त्याचा चुरा करतात, उरलेला मूत्रपिंडं बाहेर टाकतात. म्हणून तो चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून पाठवतात, किंवा त्याला एक विशिष्ट शर्करा जोडतात. या दोन्ही वाटा मुख्यतः यकृतात जाऊन पोचतात. वर सांगितलेली दोन्ही औषधं यकृतातल्याच चिठ्ठ्या फाडतात. कर्करोगाची गाठ फुफ्फुसात, स्वादुपिंडात, हाडात कुठेही असेल. 2010 मध्ये त्वचेच्या कर्करोगाच्या काही रुग्णांत, शिरेतून दिलेले कण गाठीपर्यंत पोचून चिठ्ठी कापतात, असा पुरावा मिळाला. पण पोचणं वेगळं आणि गाठीतल्या जवळपास प्रत्येक पेशीत पोचणं वेगळं. कोलेस्टेरॉलमध्ये निम्म्या पेशी गप्प झाल्या तरी रुग्णाचा फायदा होतो. कर्करोगात राहिलेल्या पेशी पुन्हा वाढतात. शिवाय चिठ्ठ्या नव्यानं निघत राहतात, म्हणजे परिणाम कायमचा नाही. आणि एक वाट बंद केली की कर्कपेशी दुसरी शोधते.

दुसरी वाट नवं पान घालण्याची, म्हणजे जनुकोपचार. नवं जनुक पेशीत पोचवायला बहुधा विषाणूच वाहन म्हणून वापरतात, कारण पेशीत शिरण्याची विद्या त्यालाच अवगत. 1990 मध्ये अमेरिकेत जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या चार वर्षांच्या मुलीवर असा मान्यताप्राप्त पहिला प्रयोग झाला. 1999 मध्ये यकृताच्या एका आनुवंशिक विकारावरील प्रयोगात अठरा वर्षांचा एक तरुण दगावला. विषाणूवर त्याच्या शरीरानं दिलेली प्रतिक्रियाच जिवावर बेतली. त्याच सुमारास फ्रान्समध्ये प्रतिकारशक्तीहीन बाळांना नवं जनुक देऊन जीवदान मिळालं, पण पुढे त्यातल्या काहींना रक्ताचा कर्करोग झाला. का? नवं पान वहीत नेमकं वाढीच्या एका जनुकाशेजारी जाऊन चिकटलं आणि त्यालाच ओरडायला लावलं. काय घातलं याइतकंच ते कुठे बसलं हेही महत्त्वाचं, हा धडा फार महाग पडला.

पी53 परत देण्याचा प्रयत्नही झाला. चीनने 2003 मध्ये डोके व मानेच्या कर्करोगावर पी53 वाहून नेणाऱ्या विषाणूला मान्यता दिली, पण अमेरिका-युरोपात त्याला मान्यता नाही. गाठीत टोचायचा, मुद्दाम बदललेला नागिणीच्या जातकुळीतला एक विषाणू 2015 मध्ये अमेरिकेत त्वचेच्या कर्करोगासाठी मान्य झाला. 2022 मध्ये मूत्राशयाच्या एका प्रकारच्या कर्करोगासाठी जनुकोपचार मान्य झाला. तिथे औषध थेट मूत्राशयात भरतात. लक्षात घ्या, जिथे हात पोचतो तिथे यश आलं.

तिसरी वाट सगळ्यांत फळाला आली, आणि ती कर्कपेशीला शिवतच नाही. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, म्हणजे आपले शिपाई. त्यांत एक नवं जनुक घालायचं, ज्यामुळे त्या शत्रूचं एक चिन्ह ओळखू लागतात, त्यांची संख्या वाढवायची आणि परत शरीरात सोडायच्या. हीच कार-टी पद्धत. 2012 मध्ये अमेरिकेत रक्ताच्या कर्करोगानं अखेरच्या टप्प्यावर आलेल्या सहा वर्षांच्या मुलीला ती दिली गेली आणि ती वाचली. 2017 मध्ये तिथे मान्यता मिळाली. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून हे काम केलं. 2021 मध्ये पहिला रुग्ण, ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता, आणि 4 एप्रिल 2024 रोजी पवईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते लोकार्पण. नाव नेक्सकार19. परदेशाच्या मानानं खर्च सुमारे एक-दशमांश. तरी तो 30-40 लाख रुपयांच्या आसपास जातो, हेही खरं.

ही पद्धत सगळ्या कर्करोगांवर का चालत नाही? नेक्सकार19 हे सीडी19 नावाचं चिन्ह शोधतं. ते रक्ताच्या काही कर्करोगांच्या पेशींवर असतं, तसंच निरोगी बी-पेशींवरही असतं. त्याही मारल्या जातात, पण बी-पेशींवाचून माणूस औषधांच्या आधारानं जगू शकतो. फुफ्फुसाच्या किंवा आतड्याच्या गाठीवर असं चिन्ह सापडणं कठीण, जे नेमक्या अशाच पेशींवर आहे ज्यांच्यावाचून चालेल. हृदयावाचून कसं चालणार? आणि शिपाई जास्त चवताळले तर तीव्र ताप, रक्तदाब घसरणं, मेंदूवर परिणाम असे धोकेही आहेत. 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं या उपचारानंतर टी-पेशींचाच कर्करोग होण्याच्या जोखमीचा इशारा वेष्टनावर सक्तीचा केला.

आता मुख्य मुद्दा. कुणी 'जीन थेरपी' असा शब्द उच्चारला, तर आपण काय विचारायचं? आम्हाला चार प्रश्न सुचतात.

पहिला : कोणत्या जनुकावर किंवा कोणत्या चिन्हावर, आणि आमच्या रुग्णाच्या गाठीत ते आहे हे तपासलं का? 'कर्करोग' हा एक रोग नाही, ते अनेक रोगांचं आडनाव आहे.

दुसरा : हा मान्य उपचार आहे की प्रयोग? प्रयोग असेल तर भारतात त्याची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत असलीच पाहिजे. ती कुणालाही बघता येते. आणि प्रयोगाचा खर्च रुग्णावर टाकू नये, असं आपली नैतिक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. प्रयोगाच्या नावाखाली लाखो रुपये मागितले, तर तिथेच थांबावं.

तिसरा : प्रयोग कोणत्या टप्प्यावर आहे? पहिल्या टप्प्याचा हेतू रुग्णाला बरं करणं हा नसतो. औषध किती सोसतं हे कळणं हा असतो. यात भाग घेणं हे मोठं दान आहे, आणि ते दान म्हणून समजून केलं पाहिजे. उपचार समजून दिलेली संमती ही खरी संमती नव्हे.

चौथा : 'प्रतिसाद मिळतो' म्हणजे काय? नेक्सकार19 च्या चाचण्यांत सुमारे 73 टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. आकडा चांगलाच आहे. पण प्रतिसाद म्हणजे रोग आटला किंवा दिसेनासा झाला. तो किती काळ, हा वेगळा प्रश्न आहे. 'दिसत नाही' यावरून 'नाही' ठरत नाही. दिसण्याजोगं असूनही दिसलं नाही, तरच अभाव सिद्ध होतो, हे आपल्या नैयायिकांनी केव्हाच सांगून ठेवलं आहे.

हे प्रश्न विचारले म्हणून डॉक्टर रागावत नाहीत. चांगल्या डॉक्टरला उलट बरं वाटतं, कारण अर्धं ओझं रुग्णाच्या माणसांनी उचललेलं असतं. हे विज्ञान खरं आहे, ते पुढे जातं आहे, आणि काही रुग्णांसाठी ते आजच उपयोगाचं आहे. आपला रुग्ण त्या काहींमध्ये बसतो का, एवढं शांतपणे विचारायचं. 'नाही' असं उत्तर मिळालं, तर उरलेला पैसा आणि उरलेला वेळ त्याच्या वेदना कमी करण्यात आणि त्याच्याजवळ बसण्यात घालवणं, यालाही उपचारच म्हणतात.

आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.